मेटलचा व्हॉल्व्ह की टिशूचा? गावात राहणाऱ्यांसाठी

हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, आकसलेली असते. ती बलूनने उघडून भागत नाही, बदलायचीच आहे, इथवर आलात की सर्जन विचारतात: मेटल की टिशू (प्राण्याच्या ऊतीचा)? वयाचा हिशेब बहुतेकांनी ऐकलेला असतो. मेटलचा २०-३० वर्षं सहज चालतो, टिशूचा साधारण १०-१५. पेशंट तरुण असेल तर टिशू आणखी लवकर खराब होतो. पेच पडतो तो पन्नाशी ते पासष्टीतल्यांना.

मेटलचं काम मजबूत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेला देशी चित्रा व्हॉल्व्ह १९९० पासून बसवला जातोय. पण त्यावर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम जन्मभर घ्यायची आणि मायट्रलला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या मेटलला चालत नाहीत.

माझं मत फिरलं ते या आयएनआरवर. निळ्या झाकणाच्या नेहमीच्या ट्यूबमध्ये ०.३ मिली सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव) असतं, त्यात २.७ मिली रक्त, म्हणजे बरोबर खुणेपर्यंत, यावं लागतं. ट्यूब अर्धवट भरली की सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आयएनआर खोटाच जास्त येतो. त्यात तालुक्याला काढलेलं सॅम्पल यवतमाळ नाहीतर अमरावतीला जाणार. मे महिन्याच्या उन्हात ते तापलं, लावायला उशीर झाला, तरी आकडा फुगतो. डॉक्टर आकडा पाहून गोळी कमी करतात आणि व्हॉल्व्हवर गुठळी बसायला वाट मिळते. मेटलच्या व्हॉल्व्हची ऐकू येणारी टिकटिक बंद पडली किंवा एकाएकी धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

दुसरीकडे रक्तस्रावाची भीती. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, जुलाबावर मेट्रोनिडाझोल, दोन्ही गावात सर्रास दिली जातात आणि दोन्ही या गोळीसोबत धोक्याची. वावरात डोक्याला मार लागला तर वरून जखम दिसत नसली तरी सीटी स्कॅन लागतो. मेथी-पालकाने गोळीचा असर कमी होतो. सोडायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं चालत नाही.

टिशूला ही गोळी बहुधा ३ ते ६ महिनेच. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल तर रक्त पातळ करणारं औषध सुटत नाही, मग टिशूचा अर्धा फायदा गेला. व्हॉल्व्ह खराब झाला की दुसरं ऑपरेशन, तेही पहिल्यापेक्षा जोखमीचं. मूल हवं असलेल्या बाईने वयाकडे न पाहता टिशूबद्दल आवर्जून विचारावं. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिन बाळाला विशेष बाधतं.

शेवटचा शब्द सर्जनचाच. तरी तारीख घेण्याआधी तालुक्याच्या लॅबमध्ये विचारून या: आयएनआर इथेच लावता का, रिपोर्ट त्याच दिवशी देता का? दोन्हीला हो म्हणाले आणि वय चाळिशीचं असेल, तर मेटल बरा. नाही म्हणाले आणि पंचावन्न उलटली असेल, तर मी टिशूच्या बाजूने. आमच्या घरी तोच बसवलाय. वर्षातून एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तेवढा चुकवायचा नाही.