स्लीप लॅबच्या रात्रपाळीवर देखरेख कुणाची? सकाळचे डॉक्टर, नागपूरचं ऑनलाइन केंद्र की रात्रीचा इन्चार्ज

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या भागातल्या एखाद्या हॉस्पिटलात स्लीप लॅब (पेशंटला रात्रभर झोपवून त्याची झोप आणि झोपेत अडणारा श्वास मोजायची खोली) काढायची म्हटलं की बैठकीत मशीन कोणतं, खाटा एक की दोन, एसी किती टनाचा याचीच चर्चा होते. रात्रभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या टेक्निशियनच्या कामावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो आणि 'सकाळी डॉक्टर बघतीलच' या एका वाक्यात मिटतो. मी याच कामात आहे. माझं ठाम मत आहे की हा प्रश्न मशीनच्या आधी सुटायला हवा. मशीन बिघडलं तर कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करतो. रात्र वाया गेली तर एटापल्लीहून किंवा धारणीहून गाड्या बदलत आलेल्या माणसाला 'पुन्हा या' म्हणावं लागतं, आणि तो सहसा पुन्हा येत नाही.

ग्रामीण विदर्भातल्या एक-दोन खाटांच्या लॅबपुढे प्रत्यक्षात तीन मार्ग असतात. एक, टेक्निशियन रात्री एकटा आणि डॉक्टर सकाळी फाइल बघणार. दोन, नागपूर-पुण्याकडच्या एखाद्या केंद्राशी करार करून ऑनलाइन देखरेख आणि स्कोअरिंगही (रात्रभराच्या नोंदीतून झोपेचे टप्पे आणि अडलेले श्वास मोजणं) त्यांच्याकडेच. तीन, आपलाच अनुभवी टेक्निशियन रात्रीचा इन्चार्ज. यातला कोणता निवडायचा हे ठरवण्याआधी रात्री काय काय बिघडतं ते डोळ्यांसमोर आणा.

आठ तासांत काय काय बिघडतं

काम संध्याकाळी वायरी लावण्यापासून सुरू होतं. डोक्यावर ईईजीचे, म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणारे इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर, दोन्ही नडग्यांवर, छातीवर ईसीजी. नाकाशी श्वासाचा दाब मोजणारी नळी आणि सोबत श्वासाची उष्णता टिपणारा थर्मिस्टर. छातीला आणि पोटाला बेल्ट, बोटाला ऑक्सिमीटर. डोक्यावरच्या प्रत्येक इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स, म्हणजे कातडीशी असलेला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या आत आणायचा असतो. आपल्याकडचा पेशंट डोक्याला छान तेल चोपडून येतो. अपॉइंटमेंट देताना 'आदल्या दिवशी डोकं धुऊन या, तेल लावू नका' हे सांगितलेलं नसेल, तर टाळू घासून साफ करण्यातच अर्धा तास जातो. घाईत तो अर्धा तास वाचवला की पहाटेपर्यंत इलेक्ट्रोड सुटत राहतात.

मग बायोकॅलिब्रेशन. डोळे मिटा, उघडा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, दात आवळा, श्वास रोखा, पाय हलवा. यात पाच-दहा मिनिटं जातात. पण स्क्रीनवरची कोणती रेघ कोणत्या अवयवाची आणि ती नीट हलते का, हे लाइट बंद होण्याआधी कळण्याची ही एकच वेळ आहे. नवा टेक्निशियन सगळ्यात आधी हेच गाळतो, कारण गाळल्याचं रात्री कुणाच्या लक्षात येत नाही.

मे महिन्यातली गोष्ट वेगळीच. वीज गेली, एसी बंद पडला, पेशंटला घाम आला की ईईजीची रेघ संथपणे वरखाली डोलायला लागते. नवखा माणूस तिला गाढ झोपेच्या, म्हणजे एन-३ च्या लाटा समजून बसतो. एसीऐवजी कूलर लावला तर खोलीत दमटपणा वाढतो, पेस्ट सैल होते, आणि अर्थिंग धड नसेल तर कूलरच्या मोटरपायी सगळ्या चॅनेलवर ५० हर्ट्झची जाड पट्टी उमटते. यावर उपाय सोपा आहे, पण तो रात्रीच आणि खोलीत जाऊनच करावा लागतो.

सगळ्यात नाजूक वेळ पहाटे तीन ते पाच. रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. रेममध्ये स्नायू सैल पडतात, पेशंट उताणा असेल तर श्वास सगळ्यात जास्त तेव्हाच अडतो, ऑक्सिजन सगळ्यात खाली तेव्हाच जातो. आणि टेक्निशियनच्या शरीराला झोप अनावर होते तीही नेमकी याच वेळेला. समजा सव्वातीनला पेशंट कुशीवर वळला आणि नाकातली नळी गालावर सरकली. स्क्रीनवर नाकाच्या दाबाची रेघ सपाट होते, पण थर्मिस्टर हलतोय, छाती-पोटाचे बेल्ट हलतायत, ऑक्सिजन ९६ वर स्थिर आहे. जागा टेक्निशियन हे बघताच ओळखतो, आत जातो, नळी पुन्हा बसवून टेप लावतो, लॉगमध्ये वेळ टाकतो. तीन-चार मिनिटांचं काम. डुलकी लागलेली असेल तर पुढचे दोन तास ती रेघ सपाटच राहते, आणि नेमकं रेमचं मोजमाप हातातून जातं.

सकाळचे डॉक्टर

हा मार्ग सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात जास्त दिसतो. डॉक्टर हुशार असतील, मन लावून बघतीलही. पण सकाळी नऊला त्यांना एवढंच कळतं की सव्वातीन ते सव्वापाच नळी निघालेली होती. तोवर पेशंट चहा पिऊन बसस्टँडवर पोचलेला असतो.

दुसरी अडचण घाबरण्याची. एकटा, नवा टेक्निशियन ऑक्सिजन ७८ वर गेलेला बघतो आणि घाबरून ऑक्सिजन लावतो. हेतू चांगलाच असतो. पण श्वासनलिका बंद होण्यावरचा उपचार ऑक्सिजन नव्हे. आकडा वर येतो, अडथळा तसाच राहतो आणि तपासणी बिघडते. सीपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे पेशंटला किती दाब लागतो ते ठरवताना, ऑक्सिजन कधी जोडायचा याचे नियम ठरलेले आहेत. दाब योग्य असून, श्वास अडत नसूनही ऑक्सिजन पाच मिनिटं किंवा जास्त वेळ ८८ टक्क्यांवर किंवा त्याखालीच राहिला तर १ लिटरपासून सुरुवात, आणि वाढवायचा तर किमान १५ मिनिटांच्या अंतराने. हे लेखी भिंतीवर हवं आणि विचारायला कुणीतरी रात्री हवं. सकाळच्या डॉक्टरांच्या पद्धतीत बहुधा दोन्ही नसतं.

तरी हा मार्ग एका ठिकाणी चालतो: टेक्निशियन स्वतःच पाच-सात वर्षांचा अनुभवी असेल आणि रात्री एकच पेशंट असेल तर. मग डॉक्टरांनी सकाळी फक्त रिपोर्ट न वाचता कच्ची फाइल स्वतः उघडायची, टेक्निशियनच्या लॉगशी ताडायची, आणि टेक्निशियन घरी जाण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटं बोलायचं.

नागपूरचं ऑनलाइन केंद्र

याची जाहिरात सध्या जोरात आहे, आणि त्यात तथ्यही आहे. नागपूर यवतमाळहून दीडशे किलोमीटर, गडचिरोलीहून पावणेदोनशेच्या आसपास. तिथला अनुभवी माणूस रोज रात्री येऊन बसणं शक्य नाही, पण त्याचे डोळे येऊ शकतात. तो स्क्रीनवर बघून फोन करतो, 'दोन नंबरच्या पेशंटचा हनुवटीचा चॅनेल गेलाय, बघ.' एकट्या टेक्निशियनला जागं ठेवायला तेवढा फोनही पुरतो.

उणिवा दोन. पहिली नेटची: पावसाळ्यात फायबर तुटलं की देखरेख संपली. दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं आणि मशीनला यूपीएस नसेल तर या मार्गाचा विचारही करू नका. दुसरी हातांची. टायट्रेशनमध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. दाब पाण्याच्या ४ सेंटिमीटरपासून सुरू करून, प्रत्येक पायरीवर किमान पाच मिनिटं थांबून, एकेक सेंटिमीटरने वाढवत जायचा असतो. मास्क गळतोय हे नागपूरला दिसतं. पण आजोबांनी कवळी काढून ठेवली म्हणून गाल आत गेलेत आणि म्हणून गळतोय, हे खोलीतल्या माणसालाच दिसतं. खर्र्याचंही तसंच. आपल्याकडे कितीतरी पेशंट गालात खर्रा ठेवूनच आडवे होतात. तंबाखूने झोप लागायला उशीर होतो हे एक, आणि तोंडात खर्रा असताना वरून मास्क चढवणं धोक्याचं हे दुसरं. 'तोंड उघडा जी, आधी चूळ भरून या' हे सांगायला कॅमेऱ्यामागचा माणूस उपयोगाचा नाही.

करारात एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: हायपॉप्निया, म्हणजे श्वास पूर्ण न थांबता उथळ होणं, कोणत्या नियमाने मोजणार? श्वासाचा प्रवाह ३० टक्क्यांनी कमी, किमान १० सेकंद, हे समान. त्यासोबत ऑक्सिजन ३ टक्के उतरला किंवा झोप चाळवली तर धरायचं, की ऑक्सिजन ४ टक्के उतरला तरच? दोन्ही पद्धती चालतात. पण त्याच रात्रीचा एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा अडला किंवा उथळ झाला तो आकडा, एकीने १७ येतो, दुसरीने ११. १५ च्या वर मध्यम आजार, खाली सौम्य. केंद्र एका नियमाने मोजतंय आणि आपले डॉक्टर दुसरा नियम गृहीत धरून औषधोपचार ठरवतायत, असं होता कामा नये. शिवाय झोपलेल्या माणसाचा व्हिडिओ बाहेर जातोय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी पेशंटला मराठीत समजावून सही घेणं आपलं काम आहे. बाई पेशंट असेल तर व्हिडिओ कोण बघणार हेही तिला सांगायला हवं.

रात्रीचा इन्चार्ज

माझा कौल इकडे आहे. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये एका टेक्निशियनकडे दोन पेशंट हे प्रमाण रूढ आहे, म्हणून दोन खाटांसाठी वेगळा इन्चार्ज नेमणं मॅनेजमेंटला उधळपट्टी वाटते. पण त्याने रात्रभर बसायलाच हवं असं नाही. मला सगळ्यात परवडणारी वाटते ती व्यवस्था अशी: अनुभवी टेक्निशियनने रात्री आठला यायचं, दोन्ही पेशंटच्या वायरी आणि बायोकॅलिब्रेशन स्वतः तपासायचं, मास्क बसवून बघायचा, साडेबाराच्या सुमारास कॅम्पसमधल्या क्वार्टरवर जायचं. फोनवर उपलब्ध राहायचं आणि आठवड्यातून एखाद्या पहाटे, न सांगता, चार वाजता यायचं. पकडायला म्हणून यायचं नाही. चारला आलेल्याने ड्युटीवरच्या पोराला अर्धा तास झोपायला पाठवावं आणि स्क्रीन स्वतः सांभाळावी. असं वागणाऱ्या इन्चार्जच्या हाताखालचा टेक्निशियन अडचण लपवत नाही, फोन करतो.

इन्चार्ज जवळ असण्याचा आणखी एक फायदा, ज्याचं मोल आपल्या भागात फार आहे. त्याला पेशंट ओळखता येतो. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच्या विजेची वाट बघत जागणारा शेतकरी, किंवा रानडुकरांपायी जागलीवर असणारा माणूस, रात्री दहाला झोपणारच नाही. त्याला दहाला लाइट बंद करून झोपवलं तर रिपोर्टमध्ये झोप लागायला उशीर, एकूण झोप कमी, असं येतं आणि निद्रानाशाचा शिक्का बसतो. आदल्या दोन आठवड्यांची झोपेची नोंद घेतली, जागलीचं विचारलं, तर असं होत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंही तेच. पूर्व विदर्भ सिकलसेलच्या पट्ट्यात येतो. या आजारात ऑक्सिमीटरचा आकडा जागेपणीच कमी दाखवला जाऊ शकतो, कारण त्यातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सैल धरतं. टॉन्सिल वाढलेलं सिकलसेलचं मूल स्टडीला आलं आणि जागेपणीचा आकडा केसपेपरवर लिहिलेला नसेल, तर दूरचा स्कोअरर सगळंच झोपेच्या खात्यावर टाकेल. मुलांचे नियमही वेगळे: तिथे दोन श्वासांएवढा खंडसुद्धा धरला जातो आणि तासाला एक अडथळाही नॉर्मल नसतो. आई खोलीत झोपणार, मूल वायरी ओढणार. अशा रात्री अनुभवी माणूस नसेल तर स्टडी ठेवूच नका.

या मार्गाचा धोका एकच आहे: सगळं एका माणसावर अवलंबून. तो नागपूरला निघून गेला की लॅब थांबते. म्हणून पहिल्या वर्षापासून दुसरा तयार करायला घ्या.

घरी मशीन देऊन?

घरी न्यायचं छोटं मशीन स्वस्त पडतं, टेक्निशियनही लागत नाही. घोरणारा, जाड मानेचा, दिवसा पेंगणारा आणि हृदय-फुफ्फुसाचा मोठा आजार नसलेला प्रौढ असेल तर ते पुरतं. पण बहुतेक मशीनमध्ये ईईजी नसतो, त्यामुळे अडलेल्या श्वासांचा भागाकार झोपेच्या तासांनी न होता रेकॉर्डिंगच्या तासांनी होतो आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. निगेटिव्ह आलं आणि संशय कायम असेल तर लॅबमध्ये आणावंच लागतं. मुलांसाठी ते नाही.

मग निवड

अनुभवी माणूस मिळत असेल तर रात्रीचा इन्चार्ज घ्या आणि स्कोअरिंग हवं तर बाहेर द्या. स्कोअरिंग दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावात बसूनही नीट करता येतं. सरकलेली नळी तशी बसवता येत नाही. अनुभवी माणूस मिळतच नसेल तर ऑनलाइन केंद्र घ्या, पण फक्त निदानाच्या रात्रींसाठी. टायट्रेशनच्या रात्री पहिले सहा महिने केंद्राचा माणूस प्रत्यक्ष येईल असं करारात लिहून घ्या. सकाळच्या डॉक्टरांवर सगळं सोडायची वेळ आली तर दुसरी खाट सुरू करू नका.

स्कोअरिंग कुणीही करो, महिन्यातून एकदा त्याच फाइलचे २०० इपॉक, म्हणजे तीस सेकंदांचे २०० तुकडे, दोघांकडून वेगवेगळे स्कोअर करून ताडून बघा. अनुभवी लोकांतही फरक पडतोच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत झोपेच्या टप्प्यांवर सरासरी एकमत सुमारे ८३ टक्के होतं, आणि हलक्या एन-१ झोपेवर ६३ टक्केच. त्यामुळे फरक दिसला म्हणून टेक्निशियनला बोल लावू नका. दोघांना शेजारी बसवून कुठे मतं फुटली ते बघा.

आणि आणीबाणीचा कागद लॅब सुरू होण्याआधी तयार करा: ईसीजीत कोणती लय दिसली तर थेट कॅज्युअल्टीला फोन, फिट आली तर काय, रात्री आयसीयूची कोणती सिस्टर धावून येणार, क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची गाडी) किती पावलांवर. ड्युटीचार्टमध्ये सलग रात्रींना मर्यादा घाला, आणि रात्रपाळी केलेल्या टेक्निशियनला त्याच दिवशी स्कोअरिंगला बसवू नका.