जीएचसी आणि हास्केल लँग्वेज सर्व्हर: नवशिक्याच्या शेजारी बसून काही महिने वापरल्यावर

भाचीला हास्केल शिकवायला घेतलं त्याला आता बरेच महिने झाले. थोडंफार पायथॉन तिला येत होतं, फंक्शनल प्रोग्रामिंग मात्र पहिल्यांदाच. सेटअप नेहमीचा: जीएचसीअप या इन्स्टॉलरने बसवलेला जीएचसी ९.६ (हास्केलचा कंपायलर), व्हीएस कोड, त्यात हास्केलचं एक्स्टेंशन आणि लँग्वेज सर्व्हर (एडिटरमध्येच चुका दाखवणारा प्रोग्राम). मी हे सगळं कामासाठी रोज वापरते. पण नवशिक्याच्या शेजारी बसलं की हीच टूल्स वेगळी दिसायला लागतात. आपल्याला छळतात त्या टाईपच्या, म्हणजे डेटाच्या प्रकारांच्या, चुका. नवशिका अडकतो त्याच्या कितीतरी आधी, साध्या सिंटॅक्समध्ये. म्हणून हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. टाईपची चूक समजावण्यात जीएचसी फार चांगला आहे, सिंटॅक्सची चूक समजावण्यात जेमतेम. तरीही मी दुसरीकडे वळले नाही. फक्त त्याचे मेसेज कसे वाचायचे हे शिकवायला वेगळा वेळ द्यावा लागतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात द्यावा.

एक उदाहरण बारकाईने बघू. दहाव्या ओळीत तिचा एक कंस बंद करायचा राहिला होता. अकरावी ओळ रिकामी. लाल रेघ आली ती बाराव्या ओळीवर, पुढच्या फंक्शनच्या सिग्नेचरच्या (त्याचा टाईप सांगणाऱ्या ओळीच्या) अगदी सुरुवातीला. मेसेज असा: पार्स एरर (म्हणजे कोडची रचना वाचता आली नाही), कदाचित इंडेंटेशन चुकलं असेल किंवा कंस जुळत नसतील. ती बाराव्या ओळीकडे बघत बसली.

"मावशी, ही ओळ तर बरोबर आहे. यात काय चुकणार?"

"तुझी ओळ बरोबरच आहे. त्याचं वाचन तिथे थांबलं, एवढंच तो सांगतोय. आता तिथून वर वर जात बघ."

हास्केलमध्ये ओळ कुठून सुरू होते याला अर्थ असतो. नवी ओळ आधीच्या व्याख्येच्याच रकान्यात सुरू झाली की कंपायलर स्वतः मधे एक न दिसणारा अर्धविराम घालतो, म्हणजे आधीची व्याख्या संपली असं धरतो. उघड्या कंसाच्या आत हा अर्धविराम बसत नाही, म्हणून गाडी तिथे अडते. त्याआधी संशय घ्यायला त्याला कारणच नव्हतं, कारण कंस पुढच्या ओळीत बंद होऊ शकला असता. हे एकदा पटलं की नवशिक्याचं अर्धं दडपण जातं. लाल रेघेच्या पुढचा कोड तपासायचाच नाही; चूक त्या जागी असेल नाहीतर तिच्या आधी. शोधायची जागा एवढी कमी होणं ही फार मोठी मदत आहे, पण मेसेज ती शब्दांत सांगत नाही. ते आपल्याला सांगावं लागतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे चुकीच्या दिशेला नेणारी सूचना. डू ब्लॉकमध्ये, म्हणजे एकामागून एक करायच्या कृतींच्या यादीत, तिने लिहिलं होतं:

मेन = डू
  लेट अ = ५
        ब = ६
  प्रिंट (अ + ब)

इथे ब हा अ च्या बरोबर खाली हवा, तो दोन जागा उजवीकडे सरकला आहे. त्यामुळे कंपायलरला ती ओळ आधीच्याच ओळीचा पुढचा भाग वाटते, म्हणजे त्याच्या लेखी "अ = ५ ब = ६". दुसरं बरोबरचं चिन्ह (=) दिसलं की तो थांबतो आणि सुचवतो: डू ब्लॉकमध्ये लेट हवा आहे का? लेट तर डोळ्यांसमोर आहे! पोरगी आणखी एक लेट लिहिते, मग इंडेंटेशन आणखी बिघडतं. जीएचसी ही सूचना कशी ठरवतो ते बघितलं तर उलगडा होतो: अडलेलं चिन्ह बरोबरचं असेल आणि मागच्या १०० अक्षरांत कुठेतरी डू सापडला, तर सूचना दाखवायची. अंदाज म्हणून ठीक आहे, पुष्कळदा लागूही पडतो. पण तो अंदाज आहे हे नवशिक्याला कोण सांगणार? आमच्याकडे आता नियम असा आहे की सूचना वाचायची, पण तीवर हात चालवण्याआधी ओळींच्या डाव्या कडा बघायच्या.

टॅबचंही इथेच सांगते. एडिटर टॅब चार जागांचा दाखवत असला तरी हास्केल तो आठ-आठच्या थांब्यांवर मोजतो. जीएचसी टॅबबद्दल आपणहून इशारा देतो हे चांगलं. पहिल्याच दिवशी एडिटरला टॅबऐवजी स्पेस घालायला सांगा आणि विषय संपवा.

काही चुका इतक्या नेमाने येतात की त्यांचे मेसेज आता तिला पाठ आहेत. गार्ड (उभ्या रेघेने सुरू होणाऱ्या अटी) लिहिताना फंक्शनच्या नावापुढे आधीच बरोबरचं चिन्ह टाकणं, मग उभ्या रेघेवर पार्स एरर. पॅटर्नमध्ये एक्स:एक्सएस (यादीचा पहिला घटक आणि उरलेली यादी) याभोवती कंस न घालणं, मग पॅटर्नमधली पार्स एरर. हे दोन मेसेज नेमक्या जागी बोट ठेवतात, त्यामुळे माझी तक्रार नाही. खरी पंचाईत फंक्शनला उणे संख्या देताना होते. एबीएस (संख्येचं उणे काढणारं फंक्शन) वापरताना एबीएस -५ लिहिलं तर हास्केल त्याला वजाबाकी समजतो: एबीएस वजा पाच. सिंटॅक्स म्हणून ते वैध आहे, त्यामुळे पार्स एरर येत नाही. येतो तो टाईप क्लास आणि इन्स्टन्सच्या भाषेतला लांबलचक मेसेज, जो या टप्प्यावर तिला कळणं शक्यच नाही. उपाय एका कंसाचा: एबीएस (-५).

९.६ पासून जवळजवळ प्रत्येक एररला क्रमांक मिळाला आहे आणि तो हास्केल एरर इंडेक्स या वेबसाइटवर शोधता येतो. टाईपच्या चुकांसाठी मला ही सोय मनापासून आवडली. पार्स एररला मात्र तिचा तसा उपयोग नाही, कारण राहिलेला कंस, सरकलेली ओळ, गार्डआधीचं बरोबर अशा सगळ्यांना एकच क्रमांक, ५८४८१. क्रमांक शोधून हाती काही लागत नाही.

लँग्वेज सर्व्हरबद्दल. टाईप करता करता लाल रेघ दिसणं नवशिक्याला सुखाचं वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात अर्धवट ओळ ही नेहमीच चुकीची ओळ असते, त्यामुळे रेघ सतत उमटत राहते आणि तिचं लक्ष विचारावरून उडतं. मग ओळ पूर्ण होईपर्यंत रेघेकडे बघायचं नाही असं आम्ही ठरवलं. दुसरं म्हणजे, फाईल पार्सच होत नसेल तर टाईप तपासणीची पाळीच येत नाही. त्यामुळे कंस दुरुस्त केला की एका लाल रेघेच्या जागी अचानक दहा उगवतात. तिचा चेहरा पडला होता तेव्हा. तिला समजावून सांगावं लागलं की हे बिघडलं नाही, पुढच्या पायरीवर आलं. आता कंपायलरला तुझा कोड वाचता येतोय. ऑर्मोलूसारखा फॉरमॅटरही (कोडची मांडणी नीट करणारा प्रोग्राम) पार्स होणाऱ्या कोडवरच चालतो, म्हणजे सिंटॅक्सची गाठ सोडवायला तो उपयोगाचा नाही. कोड शुद्ध झाल्यावर मात्र तो जरूर चालवा. सरळ रचलेला कोड रोज बघून तिची नजर तयार झाली आणि सरकलेली ओळ तिला आपोआप खुपायला लागली.

सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. फंक्शनचा बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडचा भाग पूर्ण काढून तिथे अनडिफाइन्ड (नुसती जागा धरणारा शब्द) लिहायचं. पार्स झालं? मग दोष त्या भागात होता. आता तुकड्या-तुकड्याने परत आणायचा. नाही झालं? मग डाव्या बाजूला किंवा वरच्या व्याख्येत बघायचं. हे तिला स्वतःला करू द्या. कीबोर्ड माझ्या हातात आला की कंस दोन सेकंदांत लागतो, पण ती पुढच्या वेळी पुन्हा हाक मारते.

जीएचसीआयमध्ये, म्हणजे ओळ टाकली की लगेच चालवून दाखवणाऱ्या जीएचसीच्या रूपात, एक सावधगिरी बाळगा. एकाच फंक्शनच्या दोन ओळी वेगवेगळ्या टाकल्या तर दुसरी पहिलीला झाकून टाकते. एरर काही येत नाही, चालवताना मात्र पॅटर्न अपुरे असल्याचं कळतं. म्हणून व्याख्या फाईलमध्येच लिहायच्या आणि रीलोड करायचं.

तुलनेसाठी मधे आम्ही एल्म ही दुसरी फंक्शनल भाषाही वापरून पाहिली. २०१९ च्या ०.१९.१ आवृत्तीत त्यांनी सिंटॅक्स एररचे मेसेज नव्याने लिहिले, आणि तिथे कंस राहिला तर कंस अपुरा आहे असं एल्मचा कंपायलर सरळ वाक्यात सांगतो. एकट्याने शिकणाऱ्याला, शेजारी विचारायला कोणी नसेल तर, मी आधी एल्मच सुचवेन. सोबत कोणी असेल तर हास्केलने सुरुवात करायला हरकत नाही.

आता आम्ही लँग्वेज सर्व्हर शिकण्याच्या वेळी बंद ठेवतो आणि टर्मिनलमध्ये जीएचसीआयडी चालू ठेवतो. फाईल सेव्ह केली की मेसेज दिसतो, त्याआधी नाही. परवा तिने चार ओळींचं फंक्शन लिहिलं, सेव्ह करायच्या आधी डाव्या कडा आणि कंस स्वतःहून तपासले, आणि एक कंस तिला तिथेच सापडला.