प्रोमीथियस-ग्राफानावर कपॅसिटी मॅनेजमेंट: वर्षभर वापरल्यावर हाती काय लागतं

सेटअप आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. व्हीएमवेअरचे चार होस्ट (खरी यंत्रं), त्यांवर शंभरेक लिनक्स व्हीएम (आभासी सर्व्हर), प्रत्येकावर वापराचे आकडे बाहेर देणारा नोड एक्सपोर्टर, ते गोळा करून साठवणारा एक प्रोमीथियस, त्यांचे आलेख काढणारा एक ग्राफाना. अलर्टसाठी ही जोडी झकास आहे, त्यावर भरपूर लिहून झालंय. इथला प्रश्न वेगळा: नवीन सर्व्हर हवा किंवा नको, हे फायनान्सला पटवायला ही जोडी किती कामाला येते? कच्चा माल चांगला देते. पण मूळ सेटिंगवर सोडली तर तोच माल तुमच्या विरोधात साक्ष देतो.

पहिली गोष्ट रिटेन्शनची, म्हणजे डेटा किती दिवस ठेवायचा याची. प्रोमीथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. कपॅसिटीसाठी किमान १३ महिने हवेत, नाहीतर यंदाचा मार्च गेल्या मार्चशी ताडून बघता येत नाही. जागेचा हिशेब सोपा: एका सॅम्पलला (एका नोंदीला) १ ते २ बाइट. व्हीएममागे हजार सीरिज (वेगवेगळी मोजमापं) धरल्या तर शंभर व्हीएमच्या एक लाख सीरिज. दर १५ सेकंदांनी स्क्रेप केलं (आकडे उचलले) तर दिवसाला ५७.६ कोटी सॅम्पल, म्हणजे २ बाइटच्या हिशेबाने सव्वा जीबीच्या आत-बाहेर, आणि ४०० दिवसांचे साधारण ४६० जीबी. स्क्रेप ६० सेकंदांवर नेलं की हेच ११५ जीबी. कपॅसिटीसाठी ६० सेकंद पुरतात. एक खाच मात्र आहे. वेळेची आणि आकाराची अशा दोन्ही मर्यादा लावल्या असतील, तर जी आधी भरेल ती लागू होते. आकाराची मर्यादा कुणीतरी ५० जीबीवर ठेवून विसरलं असेल तर १३ महिने फक्त कागदावर राहतात.

याहून बरा मार्ग म्हणजे रेकॉर्डिंग रूलने (ठरावीक वेळाने आपोआप चालून उत्तर साठवणाऱ्या क्वेरीने) गेल्या तासाचा ९५वा पर्सेंटाइल (ज्याच्या खाली ९५ टक्के नोंदी येतात तो आकडा) आणि कमाल आकडा काढायचा आणि तेवढाच फेडरेशनने (एका प्रोमीथियसने दुसऱ्याकडून आकडे उचलायच्या सोयीने) दुसऱ्या छोट्या प्रोमीथियसमध्ये न्यायचा. व्हीएममागे वीस सीरिज, दोन मिनिटांचं अंतर, ४०० दिवस: सव्वा जीबीही लागत नाही. तासाचा आकडा आहे म्हणून रूल तासातून एकदा चालवायचा मोह होतो, तो टाळा. सॅम्पल पाच मिनिटांपेक्षा जुनं झालं की साध्या क्वेरीला ते दिसत नाही आणि ग्राफ तुटक येतो. रूल दर मिनिटाला चालवा, खिडकी तासाची ठेवा. थॅनॉस (प्रोमीथियसचा डेटा दीर्घकाळ ठेवणारं जोड-टूल) घ्यायचा विचार असेल तर डाउनसॅम्पलिंगने (जुना डेटा विरळ करण्याने) जागा वाचते हा गैरसमज आधी काढून टाका. ते लांब पल्ल्याच्या क्वेरी वेगवान करण्यासाठी आहे. मूळ डेटा, पाच मिनिटांचा आणि तासाचा असे तिन्ही ठेवले तर जागा उलट वाढते.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. ग्राफानात सीपीयूचा पॅनेल उघडा आणि कालावधी एक वर्ष करा. पॅनेलवर हजारेक बिंदू मावतात, म्हणजे दर बिंदूला पावणेनऊ तास. क्वेरीत रेटची (वाढीचा वेग काढणाऱ्या फंक्शनची) खिडकी पाच मिनिटांची असेल तर दर पावणेनऊ तासांतली फक्त पाच मिनिटं बघितली जातात, बाकी सगळं गायब. सकाळी अकराचा पीक त्या पाच मिनिटांत सापडला तर सापडला. खिडकी आपोआप वाढवणारा रेट इंटरव्हल लावला तर उलट दुखणं: पावणेनऊ तासांची सरासरी येते आणि ८५ टक्क्यांचा पीक ३० वर सपाट होतो. असा ग्राफ घेऊन मीटिंगला गेलात तर फायनान्सवाले शांतपणे विचारतात, "तीस टक्के वापरताय, मग अजून कशाला?" आणि ग्राफानुसार त्यांचं बरोबरच असतं. उपाय एकच: वर म्हटलेल्या तासाच्या रूलवर त्या-त्या अंतराची कमाल काढायची, सरासरी कधीच नाही.

डिस्क केव्हा भरेल याच्या अंदाजासाठी प्रोमीथियसचं प्रेडिक्ट लिनिअर फंक्शन सगळेच वापरतात. चार तासांच्या अलर्टला ते ठीक, तीन महिन्यांच्या अंदाजाला जपून. ते सरळ रेघ ओढतं. महिनाअखेरीला आर्काइव्ह होऊन जागा मोकळी होत असेल तर आलेख करवतीसारखा असतो आणि खिडकी कुठे पडली त्यावर उत्तर बदलतं. दुसरं म्हणजे मधेच कुणी एलव्हीएमने डिस्कची जागा वाढवली की मोकळी जागा एकदम वर जाते, उतार उलटा होतो आणि डिस्क कधीच भरणार नाही असं चित्र येतं. म्हणून मोकळ्या जागेवर अंदाज न बांधता वापरलेल्या जागेच्या आठवड्याच्या कमाल आकड्यावर, ९० दिवसांची खिडकी घेऊन बांधावा. एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर मूळ सेटिंगने ५ टक्के जागा रूटसाठी (ॲडमिन खात्यासाठी) राखीव असते, २ टीबीवर १०० जीबी. तेव्हा मर्यादा धरताना 'फ्री' नव्हे, 'अव्हेल'चा आकडा बघा.

मेमरीच्या टक्केवारीवर केस उभी करू नका. डेटाबेस सुरू होतानाच बफर अडवून बसतो आणि जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या इंजिनाचा) हीप, म्हणजे त्याने राखलेली मेमरी, बाहेरून नेहमी भरलेलाच दिसतो. जीसीनंतर (नको असलेली मेमरी मोकळी केल्यानंतर) उरलेला हीप बघितला तरच काही अर्थ निघतो.

व्हीएमच्या आतून होस्ट दिसत नाही, त्यासाठी व्हीसेंटरचा (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन टूलचा) डेटा वेगळा घ्यावा लागतो. त्यातला कामाचा आकडा सीपीयू रेडी, म्हणजे व्हीएमने तयार असूनही सीपीयूची वाट बघण्यात घालवलेला वेळ. रिअलटाइममध्ये तो २० सेकंदांच्या नमुन्याचा मिलिसेकंदांत येतो, म्हणजे एका व्हीसीपीयूला (आभासी सीपीयूला) १,००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के, आणि त्याच्या वर तक्रारी सुरू होतात. चार व्हीसीपीयूंच्या व्हीएमची बेरीज मिळते, तिला चारने भागायचं. पाच मिनिटांच्या रोलअपला (एकत्र केलेल्या नोंदीला) भाजक २० हजारांऐवजी ३ लाख. हा भाजक चुकला की टक्केवारी पंधरापट फुगते आणि नको ती खरेदी होते.

टूलचं काम इथे संपतं. पुढची केस स्प्रेडशीटमध्येच उभी राहते, आणि हीच या जोडीची खरी उणीव: व्यवसायाचं कॅलेंडर नाही, 'असं झालं तर' नाही, रुपये नाहीत.

सीपीयू टक्क्यांत मांडलेली मागणी बहुतेक वेळा परत येते. तासाला किती ऑर्डर हा आकडा ॲप्लिकेशनमधून प्रोमीथियसमध्येच टाका आणि सीपीयूशी जोडून बघा. उदाहरणादाखल: रिकामा भार ८ टक्के, दर हजार ऑर्डरला २.२ टक्के, वरची मर्यादा ६५ टक्के. मग (६५−८)÷२.२, म्हणजे तासाला २५,९०० ऑर्डर. आजचा पीक १८,००० असेल आणि वाढ महिन्याला अडीच टक्के असेल तर पावणेपंधरा महिने, चार टक्के असेल तर नऊ. मंजुरी, पीओ (खरेदी आदेश), डिलिव्हरी, रॅकिंग, टेस्टिंग मिळून पाच महिने धरले, तर निर्णय चार ते पावणेदहा महिन्यांत हवा. मीटिंगमध्ये ही निर्णयाची तारीख सांगायची. सर्व्हर केव्हा भरेल ते नंतर.

६५च का, हा प्रश्न येतोच. साधं क्यूइंगचं (रांगेचं) सूत्र दाखवा: वापर ५० टक्के असताना प्रतिसादाचा वेळ दुप्पट, ८० ला पाचपट, ९० ला दहापट. त्यात हायपरथ्रेडिंग (एक कोर दोन दिसण्याची सोय) असेल तर दिसणारे ५० टक्के म्हणजे खरी अर्धी ताकद नव्हेच. क्लस्टरसाठी तर आणखी सोपं: चार होस्ट ७० टक्क्यांवर चालताना एक पडला की उरलेले तीन ९३ वर जातात. हे एक वाक्य फायनान्सला दहा ग्राफांपेक्षा लवकर कळतं.

रुपयांची बाजू भरताना लायसन्सपासून सुरुवात करा, हार्डवेअर त्यामानाने स्वस्त. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर लायसन्स कोरवर, सबस्क्रिप्शनने आणि एका सीपीयूला किमान १६ कोर धरून मिळतात. १२ कोरचे दोन सीपीयू घेतले तरी पैसे ३२ कोरांचे. ओरॅकल एंटरप्राइझ डेटाबेसची प्रोसेसर लायसन्सची लिस्ट किंमत ४७,५०० डॉलर, इंटेल-एएमडीला कोर फॅक्टर ०.५ (दोन कोरांना एक लायसन्स), वर वर्षाला २२ टक्के सपोर्ट. आठ कोर कमी लागले तर चार लायसन्स, म्हणजे १,९०,००० डॉलर आणि दरसाल ४१,८०० सपोर्ट. पण लायसन्स आधीच घेतलेली असतील तर हा आकडा बचतीत लिहू नका. काही लायसन्स सोडली की उरलेल्यांचा सपोर्ट नव्या दराने लावला जाऊ शकतो. टळणारी खरेदी आणि वाचणारा खर्च वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. ते एकत्र दिसले की सीएफओचा बाकीच्या शीटवरचाही विश्वास उडतो.

घसाऱ्याचं गणित आयटीवाले सहसा सोडून देतात. कंपनी कायदा २०१३च्या अनुसूची २ मध्ये सर्व्हरचं आयुष्य ६ वर्षं आहे. १९६१च्या आयकर कायद्याखाली (१ एप्रिल २०२६पासून त्याच्या जागी २०२५चा कायदा) संगणकांवर ४० टक्के घसारा होता, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे सर्व्हर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत प्रत्यक्ष वापरात यायला हवा, नुसती पीओ काढून भागत नाही. बँक किंवा एनबीएफसीने इनपुट क्रेडिटचा (खरेदीवरचा जीएसटी वळता करण्याचा) ५० टक्क्यांचा पर्याय घेतला असेल, तर ४० लाखांच्या सर्व्हरवरच्या ७.२० लाख जीएसटीतले ३.६० लाख परत मिळत नाहीत, ते सर्व्हरच्या किमतीतच धरावे लागतात. हे आकडे आपणच भरून नेले की फाइल परत येत नाही.

दहा-पंधरा सर्व्हर असतील तर हा सगळा खटाटोप नको, महिन्यातून एकदा हाताने आकडे उतरवले तरी चालतात. सगळं क्लाउडवर असेल तर तिथलाच बिलिंग रिपोर्ट आधी उघडा. एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) जीपी-२ डिस्क फक्त आयओपीएससाठी (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांच्या संख्येसाठी) १,००० जीबीची घेतलेली असेल तर जीपी-३वर ३,००० आयओपीएस कुठल्याही आकाराला मिळतात, आणि ती बचत दाखवायला प्रोमीथियस लागत नाही. मधल्या आकाराच्या, स्वतःच्या होस्टवर चालणाऱ्या सेटअपला मात्र ही जोडी चालेल. लांब पल्ल्याचा प्रोमीथियस पहिल्याच दिवशी सुरू करा, कारण रेकॉर्डिंग रूल आपणहून मागचा डेटा भरत नाही आणि तुलनेला वर्ष लागतं. त्याच्या डिस्कचा स्नॅपशॉट बॅकअपमध्ये आहे ना, तेही बघून घ्या.