अडवणारा बॉट की पुसणारा बॉट?

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर सर्व्हर, म्हणजे अनेक चॅनलांचा एखादा गट, सांभाळणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. शिवीगाळ, लिंकांचा मारा आणि उठसूट सगळ्यांना टॅग करणारे यांच्यावर डिस्कॉर्डच्याच ऑटोमॉडला, म्हणजे त्यातच असलेल्या आपोआप चालणाऱ्या राखणदाराला नेमावं, की बाहेरचा बॉट, म्हणजे सभासदासारखा वावरणारा प्रोग्रॅम, आणून बसवावा? बाहेरचा म्हणजे आमंत्रण देऊन आणलेला तयार बॉट, नाहीतर स्वतः लिहून चालवलेला. माझं तिन्ही करून झालंय. रोल (सभासदांना दिलेले दर्जे), परवानग्या वगैरे तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

खरा फरक एवढाच, की ऑटोमॉड मेसेज चॅनलमध्ये पडायच्या आधी अडवतं आणि बाहेरचा बॉट तो पडल्यावर वाचून पुसतो. क्षणाचं अंतर आहे, पण तेवढ्यात चारजणांचे फोन वाजलेले असतात आणि कुणीतरी तावातावाने उत्तरही दिलेलं असतं. मग मूळ मेसेज गायब आणि ते उत्तर एकटंच लोंबकळतंय, असं दृश्य दिसतं.

आयआरसी या जुन्या, फक्त मजकुराच्या गप्पांच्या व्यवस्थेवर ही निवडच नव्हती. 1988 पासूनच्या त्या जगात बोललेलं परत घेता येत नसे. 1993 साली आलेला एगड्रॉप हा तिथला नावाजलेला बॉट. माणसाला हाकलायचं, पुन्हा येऊ द्यायचं नाही आणि चॅनलची सत्ता भलत्याच्या हाती जाऊ द्यायची नाही, ही त्याची कामं. पुसण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कदाचित भांडणंही सरळ व्हायची.

असो. स्वतःच्या बॉटचं कौतुक आधी करतो, कारण त्यावर माझे बरेच शनिवार-रविवार गेलेत. त्याला संदर्भ कळतो, म्हणजे आपण शिकवला तर कळतो. नवा सभासद आल्याआल्या तीन चॅनलमध्ये एकच लिंक टाकतोय, हे त्याला दिसतं. ऑटोमॉडला असं सांगता येत नाही, काही रोल आणि चॅनल नियमातून वगळता येतात इतकंच. पण या लवचिकतेची किंमत चुकवावी लागते. 2022 पासून मेसेजमधला मजकूर वाचायची मुभा बॉटला वेगळी चालू करून द्यावी लागते, नाहीतर त्याच्या हाती रिकामे मेसेज येतात. शिवाय बॉटचा रोल समोरच्याच्या रोलपेक्षा वर नसेल, तर तो त्याला बाहेर काढू शकत नाही. आणि बंद पडून पुन्हा सुरू झालेला बॉट मधल्या वेळातलं आपणहून मागे जाऊन वाचत नाही. माझा तर नेमका रात्रीच मान टाकायचा.

त्यात माझ्या पहिल्या बॉटला मी फक्त नवे मेसेज तपासायला शिकवलं होतं. एका पठ्ठ्याने ‘नमस्कार मंडळी’ लिहिलं, दोन मिनिटं थांबला आणि तोच मेसेज संपादित करून त्यात हवं ते भरलं. बॉट ढिम्म. ऑटोमॉड संपादनही तपासतं, हे मला त्यानंतर कळलं.

पण माझा कौल फिरला तो यातल्या कशामुळेही नाही. फिरला तो एका माकडहाडामुळे.

तेव्हा एक तयार बॉट वापरत होतो, नाव घेत नाही. मराठी शब्दांना प्रत्यय लागतात, म्हणून नुसता ‘माकड’ यादीत टाकून भागत नाही. माकडाला, माकडांनो, माकडा, सगळं धरायचं तर शेवटी फुली मारावी लागते, म्हणजे वाइल्डकार्ड: पुढे काहीही आलं तरी धर. ती मीच मारली होती. एका संध्याकाळी आमच्या सर्व्हरवरच्या एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, की दिवसभर खुर्चीत बसून माकडहाड दुखायला लागलंय, कुणी चांगली उशी सुचवा. मेसेज पुसला गेला. त्याच्या जागी, सर्वांना दिसेल असं, त्यांच्या नावासकट झळकलं: असभ्य भाषा, ताकीद 1/3.

चूक माझ्या फुलीची होती. ऑटोमॉडमध्येही तीच फुली मारता येते आणि तीच चूक होते. मला खटकलं ते वेगळंच. काय बोलले ते पुसलं गेलं, ताकीद मात्र फलकावर राहिली. मूळ वाक्य कुणालाच दिसत नसल्याने प्रत्येकाने आपापल्या मनाने भरून घेतलं, आणि मनाने भरलेली शिवी खऱ्या शिवीपेक्षा नेहमीच मोठी असते. ‘अहो, असं काय म्हणालात तुम्ही?’ अशी थट्टा सुरू झाली. ते गृहस्थ चार दिवस काही बोलले नाहीत. ती ताकीद खासगीत पाठवायची सोय त्या बॉटच्या मांडणीत कुठेतरी असेलही, मला ती सापडली नाही. आणि नेमके शब्द काय होते हे मलाही त्यांनाच विचारावं लागलं, कारण डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय कारवाई केली त्याच्या नोंदवहीत, पुसलेल्या मेसेजचा मजकूर नसतो.

ऑटोमॉडमध्ये अडवलेल्या मेसेजचा निरोप फक्त लिहिणाऱ्याला दिसतो. तो निरोप 150 अक्षरांत आपल्या भाषेत लिहिता येतो; मी ‘मॉडशी बोला, चूक आमचीही असू शकते’ असं लिहून ठेवलंय. मॉडच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या, बंद चॅनलमध्ये पूर्ण वाक्य आणि कुठला शब्द सापडला ते येऊन पडतं. चारचौघांत तमाशा नाही. ही एकच गोष्ट माझ्यासाठी बाकी सगळ्यावर भारी पडली. तुमच्याकडे सगळेच निर्ढावलेले असतील, तर कदाचित पडणार नाही.

उणिवा आहेत, नाही असं नाही. शब्दांचे नियम सहाच करता येतात, प्रत्येकात हजार शब्द. रोमन लिपीत एकेका शिवीचे चार-पाच अवतार असतात, त्यामुळे यादी फुगते. रेजेक्स, म्हणजे शब्दांऐवजी नमुना लिहून शोधायची सोयही आहे, पण रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या धाटणीची, म्हणजे ‘माकड, पण पुढे हाड नसेल तरच’ असं त्यात थेट लिहिता येत नाही. त्यासाठी मुभेची, म्हणजे न अडवायच्या शब्दांची, वेगळी यादी ठेवावी लागते. चित्रातला मजकूर शब्दयादीला दिसत नाही. आणि सर्व्हर सांभाळायची परवानगी असलेल्यांना हे नियम लागूच होत नाहीत. स्वतःच्या खात्यावरून तपासाल तर सगळं बिनबोभाट जाईल आणि नियम बिघडलाय असं वाटेल. एक अख्खी संध्याकाळ घालवलीय त्यात. दुसरं साधं खातं ठेवा.

मोठ्या सर्व्हरवर त्रास द्यायला टोळ्यांच्या रोज धाडी पडत असतील, तर फक्त ऑटोमॉडवर विसंबा असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. स्वतःचा बॉट मीही मोडीत काढलेला नाही, पण पुसायचं काम त्याच्याकडून काढून घेतलंय. आता तो एकगठ्ठा आलेल्या नव्या खात्यांची खबर मॉडना देतो आणि गप्प बसतो. शंभर-दोनशे माणसांचा गप्पांचा सर्व्हर असेल, तर मी तरी ऑटोमॉडपासून सुरुवात करेन आणि बॉट गरज पडली तरच आणेन.

मुभेच्या यादीत पहिला शब्द ‘माकडहाड’ आहे. ते गृहस्थ अधूनमधून मुद्दाम उशीचा विषय काढतात. मेसेज जातो. मग खाली लिहितात, ‘गेला!’