मुलीला वेगळं बसवून विचारणारं वधू-वर केंद्र, आमचा सात महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या ह्या केंद्रात मुलीचं नाव घालून आम्हाला सात महिने झाले, लग्न अजून जमलेलं नाही, तरी मी पाचपैकी पाच स्टार देतेय, का ते नीट सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी नाव घातलेलं. तिथं बायोडाटा दिला आणि फोटो, मोबाईल नंबर, पगार, जन्मवेळ सगळं कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलं, मुलगी पुण्यात ऑफिसात असताना ओळख ना पाळख माणसांचे फोन यायला लागले, एकजण तर रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल करायचा. मी जाऊन विचारलं तर म्हणे स्थळ बघायचंय ना, मग फोटो जाणारच की. घरी आल्यावर मुलीनं मला एवढंच विचारलं, "आई, माझा फोटो द्यायच्या आधी मला कुणी विचारलं?" कुणीच नाही. मीपण नाही.

तिथूनच आलेल्या एका स्थळाचा बघायचा कार्यक्रम आमच्या घरी झाला. मुलगा पूर्ण वेळ मान खाली घालून बसलेला, आम्हाला वाटलं गरीब स्वभावाचा आहे, आठ दिवसांनी त्यानंच मुलीला फोन करून सांगितलं की माझं दुसरीकडं आहे, घरच्यांनी जबरदस्तीनं आणलं होतं, तुम्हीच नकार कळवा. म्हणजे पोरालासुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

आता इथलं सांगते. इथं फॉर्म मुलीनं किंवा मुलानं स्वतः भरायचा, आईबापांनी भरलेला घेत नाहीत. मी घरून चांगल्या अक्षरात भरून नेलेला, तो मॅडमनी परत दिला आणि कोरा फॉर्म मुलीपुढं ठेवला. फोटोसाठी वेगळी सही, मोबाईल नंबरसाठी वेगळी, पत्रिकेसाठी वेगळी. प्रत्येक स्थळाला माहिती पाठवायच्या आधी तिला मेसेज येतो, तिनं हो म्हटल्याशिवाय फोटो जात नाही, आणि उद्या तिला वाटलं नको तर एका मेसेजवर काढून टाकतात, कारण विचारत नाहीत. मॅडम म्हणाल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात हेच तत्त्व आहे, संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती मागं घेणं सोपं पाहिजे. मला ते कायद्याचं माहीत नव्हतं, पण रात्री साडेदहाचे ते फोन आठवले.

भेट झाल्यावर काय होतं ते खरं सांगायचंय. मुलगा-मुलगी बोलतात, मग दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवतात, आईवडील बाहेर. मुलीच्या हातात एक चिठ्ठी देतात, त्यावर तीन चौकोन, हो, नाही, आणि वेळ हवा. पहिल्या वेळी मी बाहेर बाकड्यावर बसलेली, पुढ्यातला चहा गार झाला, दार लावलेलं, आतून काहीच ऐकू येईना. मुलगी बाहेर आली तसं मी विचारलं काय सांगितलंस, तर मॅडमच म्हणाल्या, "वहिनी, तिला सांगावंसं वाटलं की ती सांगेल, आज घरी जाताना गाडीत विचारू नका." मला तेव्हा फार राग आला हे लपवत नाही. हे तर जिन्यातच म्हणाले, पैसे आम्ही भरलेत आणि आम्हालाच कळू द्यायचं नाही? नंतर कळलं नाहीवर खूण होती. नकार समोरच्यांना केंद्रच कळवतं, "आमच्याकडून योग जुळत नाही" एवढंच, मुलीचं नाव नाही, कारण नाही. ह्याआधी नकार द्यायचा म्हटलं की घरात आठवडाभर धुसफूस, आत्याचा फोन, मावशीचा फोन, पोरात काय कमी आहे, वय वाढतंय. असं असल्यावर ती आमच्यापुढं जे हो म्हणायची ते खरं हो होतं का, हा विचार माझ्या डोक्यात त्या बाकड्यावर पहिल्यांदा आला.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी एक बैठक असते, वकील मॅडम येतात, आईवडिलांनीपण बसायचं. त्यांनी रखमाबाईंची गोष्ट सांगितली, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडं जायला नकार दिला, नवरा मुंबईच्या हायकोर्टात गेला, १८८७ साली कोर्ट म्हणालं नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, आणि ह्या बाई म्हणाल्या तुरुंग चालेल. पुढं तडजोड झाली, त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. मग आजचं सांगितलं. हिंदू विवाह कायद्याचं कलम १२, संमती जबरदस्तीनं किंवा फसवून घेतलेली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, पण जबरदस्ती संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत, आणि त्यानंतर आपल्या राजीखुशीनं सोबत राहिलं तर तो रस्ता बंद. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्या कलम ६३ मध्ये लिहिलंय की बाईनं झटापट केली नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे, बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागत नाही. हे ऐकून हॉल शांत झाला. एका मुलानं विचारलं, मग लग्नानंतर विचारायचं नाही का? वकील मॅडम म्हणाल्या, कायद्यानं गुन्हा धरला नाही म्हणून तू विचारायचं सोडणार आहेस का? मला हे बोलणं फार आवडलं, पोरांच्या समोर एवढं सरळ कुणी बोलत नाही.

शक्ती वाहिनी नावाच्या संस्थेची २०१८ ची केसपण सांगितली, सुप्रीम कोर्ट म्हणालं दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं लग्न करत असतील तर घरच्यांची, भावकीची, समाजाची संमती लागत नाही. तिथं मागं कुजबुज झाली. शाहू महाराजांनी ह्याच गावातून १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायदा करून मान्यता दिली आणि आपण अजून कुजबुजतोय, वाईट वाटलं.

माझं लग्न १९९३ चं. मी चहाचा ट्रे ठेवून दाराआड गेले आणि वडिलांचा आवाज ऐकू आला, पोरगी गप्प आहे म्हणजे पसंत आहे. संसार चांगला झाला, ह्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं हे मी त्या शनिवारी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून. हे काही बोलले नाहीत. घरी जाताना बिंदू चौकात गाडी थांबवून म्हणाले, मलापण वाटलं नव्हतं विचारावं.

कमी काय आहे तेपण लिहिते. स्थळं कमी येतात, सात महिन्यांत चारच, कारण प्रत्येक वेळी दोन्हीकडून हो यायला लागतं, घाई असणाऱ्यांना जमायचं नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, माझ्या सासूबाईंना चढताच आलं नाही. खाली पार्किंगची बोंब आहे. वर्षाला ४,००० रुपये, ते एकरकमी घेतात, दोन हप्ते केले तर बरं होईल. त्या शनिवारच्या बैठकीला निम्मे आईवडील येतच नाहीत, ती सक्तीची करा असं मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या सक्ती कशी करू, म्हटलं निदान फोन तरी करा.

चौथं स्थळ इचलकरंजीचं आहे. मुलीनं वेळ हवावर खूण केली हे तिनंच सांगितलं, त्याला आता तीन आठवडे झाले, परवा दोघं रंकाळ्यावर दुसऱ्यांदा भेटले. घरी आली तेव्हा मी काही विचारलं नाही, जेवायला वाढलं. भाकरी मोडताना तीच म्हणाली, "आई, मी सांगतो तुला, अजून दोन वेळा भेटू दे." म्हटलं भेट.

जाणार असाल तर रविवार सोडून जा, रविवारी पाय ठेवायला जागा नसते, बुधवारी मॅडम निवांत बोलतात. आधारची झेरॉक्स लागते, आणि फॉर्म घरून भरून नेऊ नका.