नॉनव्हेजचा वेगळा कुकर: गणपतीनंतर घेतला, गुढीपाडव्यापर्यंत वापरला

५ लिटर, ट्रायप्लाय (स्टील-ॲल्युमिनियम-स्टील असे तीन थर), बाहेरून बसणारं झाकण, आकार पसरट हंडीसारखा. तीन हजारांच्या थोडा आत मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सर्व्हिसची तक्रार आहे, आणि या घाटाचे कुकर आता बऱ्याच जणी-जणांच्या ओट्यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे दिसतात.

आमच्याकडे हा फक्त चिकनसाठी आहे. वरणभाताचा तीन लिटरचा जुना कुकर वेगळा, आणि त्याला कोंबडीचा वास लागू द्यायचा नाही, हा आईचा नियम. सोवळंओवळं बाजूला ठेवलं तरी नियमात तथ्य आहे. भांडं घासून निघतं, पण रबराची रिंग मसाल्याचा वास सोडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या साध्या वरणाला कांदा-लसूण मसाल्याची झाक येते. वार आमचे ठरलेले: बुधवार आणि शुक्रवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बंद. बुधवारी संकष्टी आली की तोही गेला. नवरात्र आणि मार्गशीर्षात कुकर माळ्यावर होता, म्हणजे वापर रोजचा नाही, पण भरपूर आहे.

आधी वेळेबद्दल, कारण घेताना सगळे त्यासाठीच घेतात. ब्रॉयलर कोंबडी कढईत झाकण ठेवून पंचवीस मिनिटांत शिजते. कुकरमध्ये प्रेशर धरायला सहा-सात मिनिटं, दोन शिट्ट्या, मग प्रेशर आपोआप उतरायला दहा मिनिटं. घड्याळाच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओट्यापाशी उभं राहण्यात. कढईतलं चिकन दर पाच मिनिटांनी हलवा, पाणी घाला, खाली लागतंय का बघा. कुकरचं झाकण लावलं की मी मोकळा. तेवढ्यात मुलीचा गृहपाठ बघून होतो, आंघोळ होते. आणि बेसिनमध्ये शेवटी एकच भांडं उरतं. संध्याकाळी भांडीवाल्या मावशी येत नसतील तर याची किंमत वेगळी सांगायला नको. स्टेशनवरून येताना कोपऱ्यावरून चिकन घेतो, पावणेआठला घरात, साडेआठ-पावणेनऊला ताटावर. वीस मिनिटांत जेवण तयार असं कोणी सांगितलं तर त्याने कांदा कधी चिरला ते विचारा.

कांदा-खोबऱ्याचं वाटण रविवारीच होतं. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. पाऊण किलो चिकनला चार-पाच वड्या पुरतात. हे केलेलं नसेल तर कुठलाही कुकर बुधवारची संध्याकाळ वाचवणार नाही.

आता स्टीलबद्दल. पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांचं मत झालं की हा चिकटतो. स्टील गार असताना तेल घातलं की कांदा तळाला धरतोच. रिकामा कुकर मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं तापू द्यायचा, मग चार थेंब पाणी टाकून बघायचं. थेंब जागीच फसफसून विरले तर अजून वेळ आहे. गोळ्यांसारखे होऊन तळावर पळायला लागले की आच कमी करून तेल. त्यानंतर कांदा, मसाला, चिकन, सगळं सुटं राहतं. तरीही चिकन परतताना खाली तपकिरी थर बसतो. तो जळका नाही, चव त्यातच आहे. अर्धी वाटी गरम पाणी ओतून कालथ्याने तळ खरवडला की सगळा थर रश्श्यात उतरतो. झाकण लावण्याआधी ही खरवड झालीच पाहिजे. घट्ट मसाला तळाला तसाच राहिला तर प्रेशर धरायच्या आतच करपतो, आणि करपल्याचा वास झाकणाबाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो.

सगळ्यात जास्त होतो तो चिकन-भात. चौघांसाठी ६०० ग्रॅम करी कट, दोन वाट्या कोलम तांदूळ. दुकानदाराला सांगून ठेवलंय की पीस लहान कर आणि पाठ-मान फेकू नकोस. भाताला चव हाडांची येते. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजत. तेलात तमालपत्र, लवंग, दोन उभे चिरलेले कांदे, मग वाटण, हळद, मालवणी मसाला, एक टोमॅटो. चिकन घालून पाच मिनिटं परतायचं, मीठ याच वेळी. मग निथळलेले तांदूळ आणि गरम पाणी. पाण्याचं प्रमाण महत्त्वाचं: साध्या भाताला दुप्पट घालतो तसं इथे चालत नाही, कारण चिकन आणि टोमॅटोला स्वतःचं पाणी सुटतं. दोन वाट्यांना अडीच ते पावणेतीन वाट्या. मोठ्या आचेवर एक शिट्टी, मग चार मिनिटं मंद, बंद. प्रेशर आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. इंद्रायणी घेतला तर मऊ खिचडीसारखा होतो, मुलीला तो जास्त आवडतो. बासमती यासाठी फुकट घालवू नये.

महिनाअखेरीला दुसरा प्रकार. मराठवाड्यात डाळीत मटण घालून दालचा करतात, त्याच वाटेने अर्धा किलो चिकन, एक वाटी मसुराची डाळ आणि दुधी किंवा बटाटा. बटाट्याचे दोनच तुकडे करायचे, लहान केले तर विरघळून जातात. दोन शिट्ट्या, वरून लसणाची फोडणी. अर्ध्या किलोत चौघांचं पोटभर होऊन सकाळच्या डब्याला उरतं. सोबत लादी पाव, कारण भाकरी करायची म्हणजे तवा, परात, पीठ, आणि एका भांड्याची गंमत तिथेच संपली.

खर्चाचं म्हणाल तर आमच्याकडे स्किनलेसचा भाव या महिन्यांत किलोला २२० ते २८० च्या मध्ये फिरला. चिकन-भाताला सगळं धरून सव्वादोनशेच्या आसपास लागतात. तेवढ्यात बाहेरची एक बिर्याणी येते, आणि तिच्यातले पीस मोजायला बोटं जास्त होतात. श्रावणात भाव उतरतो तेव्हा नेमकं आमच्याकडे बंद, त्याला इलाज नाही.

काय करू नये तेही लिहितो. बोनलेस कुकरमध्ये घालू नका. आत तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, छातीच्या मांसाचे एका शिट्टीत दोरे होतात. बोनलेस असेल तर याच भांड्यात, प्रेशर न धरता, ताट झाकून दहा-बारा मिनिटं. नारळाचं दूध प्रेशरमध्ये फुटतं, ते झाकण उघडल्यावर घालून एक मंद उकळी. गावठी कोंबडी आणली तर शिट्ट्यांचा हिशोबच वेगळा, सहा-सातच्या खाली बोलायचं नाही, त्यामुळे ती रविवारची. आणि घाई म्हणून भरला कुकर नळाखाली धरायचा नाही. रस्सा शिट्टीच्या नळीतून उडतो, मसाला तिथे अडकतो, आणि पुढच्या वेळी शिट्टी होत नाही. नळी दर वेळी धुताना उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघावी.

कुरकुर दोन. रिंग चार महिन्यांत सैल झाली, कडेने वाफ जायला लागली. ही तशी झिजणारीच वस्तू, पण या आकाराची रिंग आमच्या बाजारात मिळेना. सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या मारल्या, दर वेळी ‘स्टॉक येतोय’. शेवटी ऑनलाइन मागवली. दुसरं म्हणजे वजन. भरलेला कुकर एका दांड्याने उचलवत नाही, समोरच्या बाजूला छोटा कान आहे म्हणून निभतं. आईला तो उतरवणं जमत नाही, ती मला हाक मारते. तळाला निळसर इंद्रधनुषी डाग पडतात, ते लिंबाच्या सालीने जातात. ती तक्रार नव्हे.

घेताना तीन थर पूर्ण भांड्याला आहेत की फक्त तळाला चकती आहे ते बघा. चकतीवाला स्वस्त असतो, वरणाला उत्तम, पण मोठ्या गॅसवर ज्वाला चकतीबाहेर जाते आणि मसाला कडेने करपतो. माझा वापर परतण्याचा, म्हणून जास्तीचे पैसे घातले. आयएसआय चिन्ह बघा; घरगुती प्रेशर कुकरला ते २०२१ पासून सक्तीचं आहे, तरी बिनचिन्हाचे विकायला असतात. ५ लिटर म्हणजे ५ लिटर शिजतं असंही नाही. रस्सा दोन-तृतीयांशपर्यंत, भात-डाळ असेल तर अर्ध्यापर्यंतच. चौघांना आणि एखाद्या पाहुण्याला बरोबर बसतो. दोघंच असाल तर ३ लिटरचा पसरट घ्या, उगाच मोठ्या तळावर थोडा मसाला परतायला गेलात तर तो करपतो. आणि कुठलाही घ्या, त्याच दिवशी जादा रिंग बिलात टाकून आणा.