गावभागातलं जुनं बालरुग्णालय: तिथेच सुधारायचं की विश्रामबागेत नवं बांधायचं?

सांगलीतल्या दुसऱ्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. वडिलांनी कृष्णाकाठच्या जुन्या वस्तीत, गावभागात बांधलेलं दुमजली हॉस्पिटल आहे, नाव आहे, पेशंट आहेत. पण एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, आईला पाठ टेकायला जागा नाही. ती बाहेर जिन्याखाली सतरंजी टाकून बसते.

आईसाठी जागा करणं हा उपचाराचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात (2021) जेमतेम एक ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच कांगारू पद्धतीनं, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 वरून 12 टक्क्यांवर आले. त्यासाठी बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारी आईची खाट हवी, जवळच संडास-बाथरूम हवं. म्हणजे आज सहा वॉर्मर बसतात त्या खोलीत तीनच आई-बाळं मावतील, हा हिशेब आधीच मान्य करा.

आता जुनी इमारत. ती कॉलम-बीमची असेल तर मधल्या भिंती हलवता येतात. भिंतींवरच स्लॅब पेललेला असेल, तर दोन खोल्या एक करायचा विचार स्ट्रक्चरल ऑडिटशिवाय (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीशिवाय) मनातही आणू नका. नवीन संडासांसाठी तळ उचलावा लागला की दारात पायरी तयार होते, आणि टाके घातलेली बाळंतीण तिथेच अडखळते. वायरिंग तर सगळं नवीनच धरा. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. आगीत बाहेर पडायला दुसरा जिना काढायला जागाच नसेल तर चर्चा तिथेच थांबते.

हॉस्पिटल चालू ठेवून तोडफोड करणं दिसतं स्वस्त, पण धुळीतली बुरशी कमी दिवसांच्या बाळाला जिवावर बेतू शकते. मजला पूर्ण रिकामा करूनच काम काढावं लागतं, आणि तेवढे महिने तिथलं उत्पन्न बंद.

जिना सोडला तर हे सगळं पैशानं सुटतं. पाणी सुटत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जनरेटर, मेन पॅनल, ऑक्सिजनचे सिलिंडर वर चढवता येतील. पण खालचा रस्ताच बुडाला की सिस्टर येणार कशा, आणि व्हेंटिलेटरवरचं बाळ नावेतून कुणी न्यायचं?

विश्रामबाग नदीपासून लांब आहे, पण तिथे जागा महाग, कर्जाचा हप्ता मोठा, आणि गावातला जुना पेशंट सुरुवातीला कुरकुरणार. तासगाव, जत, अथणीकडून येणाऱ्यांना मात्र फार फरक पडत नाही. सांगली-मिरज रस्त्यावर वाहनांना तोटा नाही. कोऱ्या कागदावर सुरुवात होत असल्यानं आईच्या खाटा, दोन जिने, स्ट्रेचर मावणारी लिफ्ट हे सगळं नकाशातच बसतं. खटकतं ते एवढंच, की नव्या इमारतींत एसी-टीव्हीच्या डिलक्स रूम होतात आणि एनआयसीयू परत काचेआडच राहतो. आर्किटेक्टला पहिल्या बैठकीतच सांगा: पहिलटकरीण माहेरी आलेली असते, सोबत तिची आई असते, बाप शनिवारी एसटीनं येतो. लंगोट वाळत घालायला गॅलरी, पेज गरम करायला ओटा, आजीला पाय पसरायला बाकडं हवं. गंमत म्हणजे यातलं पहिलं आणि तिसरं जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात आधीपासूनच आहे.

माझा कौल असा: पूररेषेच्या आत असाल तर नवजात कक्ष आणि ॲडमिशन विश्रामबागेत न्या, ओपीडी आणि लसीकरण गावभागात ठेवा. डॉक्टर एकटेच असाल तर दोन्हीकडची धावपळ झेपणार नाही; मग जुन्या जागी फक्त संध्याकाळची ओपीडी. पाणी कधी शिरलंच नाही अशा भागात असाल, इमारत कॉलमची असेल आणि दुसरा जिना निघत असेल, तर मात्र नवीन प्लॉट शोधू नका, आहे तीच सुधारा.

आणि कंत्राटदार ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. ‘भेटण्याची वेळ 4 ते 6’ ही पाटी आईपुरती आजच काढता येते. हात धुवायला बेसिन आणि टेकायला एक आरामखुर्ची एवढ्यावर कांगारू सुरू होतं.